माणूसघाणा, बुजरा की नुसता अबोल? मिसळणाऱ्या आणि न मिसळणाऱ्या माणसांसाठी नेमका शब्द कसा निवडायचा

शाळेत शिकवत होते तेव्हा एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, "अभ्यासात चांगली, पण एकलकोंडी." तिची आई भेटायला आली, पुस्तक उघडलं, त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, ती एकटी बसते, की तिला कुणी घेत नाही?" मला उत्तर देता आलं नाही कारण मी बघितलंच नव्हतं, मधल्या सुट्टीत ती भिंतीला टेकून उभी असते एवढंच येताजाता दिसलं होतं आणि तोंडात बसलेला शब्द मी लिहून मोकळी झाले होते. मग पुढचा आठवडाभर नीट बघितलं. ती भिंतीपाशी उभी असायची खरी, पण खेळणाऱ्या मुलींच्या अगदी कडेला, आणि त्यांची दोरी निसटून लांब गेली की सगळ्यांच्या आधी धावत जाऊन ही ती आणून द्यायची आणि परत भिंतीपाशी जायची. म्हणजे तिला खेळायचं होतं हो! एकलकोंडी नव्हतीच ती, बुजरी होती, आणि या दोन शब्दांत इतकं अंतर आहे की एका शब्दाला उपाय लागतच नाही आणि दुसऱ्याला कुणीतरी हात धरून खेळात घ्यावं लागतं.

तेव्हापासून मी या शब्दांच्या मागेच लागलेय म्हणा. मराठीत माणसांत मिसळणाऱ्यांसाठी आणि न मिसळणाऱ्यांसाठी भरपूर शब्द आहेत पण आपण वापरतो चारच, मनमिळाऊ, बडबड्या, लाजाळू आणि माणूसघाणा, बाकी सगळी माणसं या चार डब्यांत कोंबतो. बायोडेटा लिहिताना, मुलाबद्दल शिक्षकांना सांगताना, गोष्टीतलं पात्र रंगवताना किंवा कुणी गेल्यावर चार ओळी लिहिताना नेमका शब्द कसा शोधायचा, ते मला जसं जमत गेलं तसं सांगते.

आधी तीन प्रश्न विचारा

शब्दाच्या आधी माणूस बघायचा. पहिला प्रश्न, त्याला माणसं हवी आहेत का? दुसरा, हवी असली तर जवळ जायला जमतंय का? आणि तिसरा, त्याच्या वागण्याचं समोरच्याला काय होतं, बरं वाटतं, अवघडल्यासारखं होतं की दुखतं? आपली गल्लत होते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांत, कारण बाहेरून दोन्ही माणसं सारखीच दिसतात, कोपऱ्यात, गप्प, हातात काहीतरी धरून. पण एकाला तिथं मस्त वाटत असतं आणि दुसऱ्याचा जीव सगळा तिकडच्या घोळक्यात अडकलेला असतो.

हे नुसतं माझं मत नाही. जोनाथन चीक आणि अर्नॉल्ड बस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली हेच दाखवलं होतं की लाजाळूपणा म्हणजे माणसांची आवड कमी असणं नव्हे, या दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि ज्याला माणसांची ओढ भरपूर आहे पण लाजही तेवढीच आहे त्याची नव्या माणसाशी बोलताना सगळ्यात जास्त घालमेल होते. गंमत अशी की मराठीनं हा फरक शब्दांतच करून ठेवलाय, आपणच तो वापरत नाही.

ज्याला माणसं फारशी नकोच असतात

इथे पहिला शब्द एकलकोंडा. त्यात ऐकतानाच कोंडणं ऐकू येतं, त्यामुळे कितीही साधेपणानं वापरला तरी त्याला एक काळी छटा राहतेच, दार लावून आत बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. तोच माणूस स्वतःच्या आनंदानं एकटा राहत असेल तर एकांतप्रिय म्हणा. वागणं सेम असतं, पण एकांतप्रिय म्हटलं की ती त्याची निवड होते आणि एकलकोंडा म्हटलं की त्याचा दोष होतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत त्यात निवांत जागी राहण्याची आवड आणि गर्दीत मन न रमणं ही दोन्ही आहेत, म्हणजे ज्याला आपण तोंड वाकडं करून एकलकोंडेपणा म्हणतो ते तिथं चक्क गुणांच्या यादीत बसलंय. आणि एकाकी हा शब्द यांच्यात मिसळू नका, एकाकी माणसाला सोबत हवी असते आणि ती नसते. एकांत हवासा असतो, एकाकीपण सोसावं लागतं. "आजोबा हल्ली एकांतात असतात" आणि "आजोबा हल्ली एकाकी झालेत" यातलं दुसरं वाक्य ऐकलं की फोन उचलून त्यांच्याशी बोलायला हवं.

माणूसघाणा हा यातला सगळ्यात जड शब्द, आणि सगळ्यात सैल हातानं वापरला जाणारा पण तोच. त्यात घाण आहे, शब्दशः. ज्याला माणसांचाच तिटकारा आहे, दारावर कुणी आलं तरी कपाळाला आठी पडते, त्याच्यासाठी तो आहे. पार्टीला आला नाही, ग्रुपवर रिप्लाय देत नाही, फोनपेक्षा मेसेज बरा म्हणतो, एवढ्यावरून कुणाला माणूसघाणा म्हणू नका, विशेषतः मुलांना तर नाहीच नाही. मुलं असा शब्द अंगाला लावून घेतात आणि मग तसंच वागू लागतात, हे मी वर्गात बघितलंय.

अलिप्त वेगळा. अलिप्त माणूस माणसांत असतो, कामं करतो, बोलतो पण, फक्त गुंतत नाही. घरकोंबडा तर खूप हलका शब्द, प्रेमानं चिडवायचा, त्याला माणसं नकोत असं मुळीच नाही, फक्त ती घरी आली तर बरं असं त्याचं म्हणणं असतं. आत्ममग्न म्हणजे स्वतःच्याच विचारांत बुडालेला, त्याला तुम्ही नको आहात असं नसतं, तुम्ही आलात हेच त्याला कळलेलं नसतं.

आणि एक सुंदर बोलण्यातला प्रयोग आहे तो विसरू नका, "तो कुणाच्या अध्यात ना मध्यात." न मिसळणाऱ्या माणसाचं याहून चांगलं कौतुक मराठीत क्वचितच सापडेल, कुणाला त्रास नाही, लावालावी नाही, आपण बरं की आपलं काम बरं.

ज्याला हवं असतं पण जमत नाही

माझ्या मते सगळ्यात जपून शब्द निवडायचे ते इथे.

लाजाळू म्हटलं की त्या झाडाची आठवण येते ना, हात लावला की पानं मिटतात. पण आपण अर्धंच लक्षात ठेवतो. हात काढून थोडा वेळ थांबलं की तीच पानं आपणहून उघडतात. लाजाळू माणसाचंही अगदी तसंच असतं, त्याला सारखं "बोल की, बोल की, लाजतोस काय" करत राहिलं तर तो मिटलेलाच राहणार.

बुजरा हा शब्द आला जनावरांकडून. घोडा बुजतो, बैल बुजतो, अनोळखी काहीतरी अचानक समोर आलं की अंग आखडून मागे सरतो, आणि शेतातल्या बुजगावण्यातही तेच बुजणं आहे. म्हणून बुजरेपणात लाजेपेक्षा दचकणं जास्त आहे, नव्या माणसाचं, नव्या जागेचं. ओळख झाली की बुजरा माणूस बुजत नाही, आणि मग त्याच्यासाठी दुसरा जनावरांकडचाच शब्द येतो, माणसाळला. "पहिले दोन महिने कोपऱ्यात असायचा, आता चांगला माणसाळलाय." हे आपुलकीनं म्हणायचं, आणि शक्यतो लहान मुलाबद्दल किंवा जवळच्या माणसाबद्दल, ऑफिसात नव्या आलेल्या माणसाच्या तोंडावर म्हणाल तर त्याला लागेल.

संकोची म्हणजे ज्याला आपली अडचण दुसऱ्याला होईल असं वाटत राहतं, पाणी हवं असतं पण मागणार नाही, खुर्चीच्या टोकावर बसेल. भिडस्त याच्या शेजारचा, पण एक मोठा फरक आहे. भिडस्त माणूस चारचौघांत छान बोलतो, हसतो, मिसळतो, त्याला फक्त नाही म्हणता येत नाही. समोरच्याची भीड पडते. त्यामुळे भिडस्त माणसाला लाजाळू म्हणणं चूकच, आणि "भीड भिकेची बहीण" ही म्हण लाजेबद्दल नाहीच, या नाही न म्हणता येण्याबद्दल आहे. मुखदुर्बळ हा शब्द हल्ली कमी ऐकू येतो पण फार उपयोगाचा आहे, ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे, बाजू खरी आहे, पण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही तो मुखदुर्बळ. अशा माणसाचा हक्क जातो, श्रेय जातं, आणि लोक म्हणतात त्याला काही म्हणायचंच नव्हतं. मला तर वाटतं हा शब्द परत रोजच्या बोलण्यात यायला हवा कारण अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात.

नुसतं गप्प असणं

कमी बोलणं म्हणजे कमी मिसळणं असं नाही, हे पण वेगळं करायला लागतं. मितभाषी माणूस मोजून बोलतो, मित म्हणजे मोजलेलं, आणि तो रोज दहा जणांत बसत असू शकतो. अबोल म्हणजे स्वभावानंच कमी बोलणारा, मऊ शब्द आहे, दुखत नाही. फक्त अबोल आणि अबोला यात गोंधळ नको, अबोल हा स्वभाव, अबोला धरायचा असतो आणि तो भांडणानंतरचा असतो.

घुमा मात्र अंधारा शब्द. घुमा माणूस गप्प असतो आणि आत काहीतरी साठवतोय असं वाटत राहतं, विचारलं तर सांगणार नाही, चेहऱ्यावरून कळणार नाही. आतल्या गाठीचा याहून पुढचा, त्यात डाव आहे, मनातलं मुद्दाम लपवतो. कुणाला आतल्या गाठीचा म्हणताना आपल्याकडे पुरावा आहे का ते आधी बघा, कारण बरेचदा बिचारा नुसता अबोल असतो. मख्ख म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही, तुम्ही हसा, रडा, तो तसाच. आणि मूग गिळून बसणं हा स्वभाव नाहीच, ते एका प्रसंगाचं वागणं आहे, जिथं बोलायला हवं होतं तिथं गप्प राहणं. एरवी भरपूर बोलणारा माणूसही नेमक्या वेळी मूग गिळतो.

लोकांना लांब ठेवणारे

यांच्यासाठी तिसरा प्रश्न कामाला येतो. तुसडा माणूस बोलतो, पण असं बोलतो की परत विचारायची हिंमत होत नाही. फटकळ तोडून बोलतो पण मनात ठेवत नाही, म्हणून बरेच फटकळ लोक माणसांत चांगले रमलेले दिसतात. तिरसट कधी काय बोलेल सांगता येत नाही. आखडू आणि खडूस हे बोलण्यातले शब्द, लिहिताना मित्रांच्या ग्रुपपुरते ठेवा.

शिष्ट या शब्दावर जरा थांबते. मूळ संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, वळण लागलेला, शिष्टाचार आणि शिष्टमंडळ यांत अजून तोच मान आहे. पण "काय शिष्ट आहे ती!" म्हटलं की अर्थ पार उलटा, स्वतःला कुणीतरी समजते, आपल्यात मिसळत नाही. हा शब्द वापरताना माझा अनुभव असा की दहातल्या निम्म्या वेळा ती व्यक्ती बुजरी निघते. लांबून बघितलं तर बुजरेपणा आणि शिष्टपणा सारखाच दिसतो, नजर न मिळवणं, थोडक्यात उत्तर देणं, लवकर निघून जाणं. म्हणून शिष्ट म्हणायच्या आधी एकदा आपण होऊन बोलून बघा. बोलल्यावर चेहरा उजळला तर शब्द चुकलाय.

आणि हे पण सांगायलाच हवं, पुरुष मोजकं बोलला की धीरगंभीर आणि बाई मोजकं बोलली की शिष्ट, पुरुष तासभर बोलला की गप्पिष्ट आणि बाई बोलली की नुसती वटवट. असं काही लिहून झालं की बाईच्या जागी तसंच वागणारा पुरुष किंवा पुरुषाच्या जागी तशीच वागणारी बाई ठेवून वाक्य परत वाचा. शब्द बदलावासा वाटला तर तो आधीच चुकला होता.

आता मिसळणारे

मनमिळाऊ हा चांगला शब्द आहे पण इतका झिजलाय की कानावर पडतो आणि काहीच दिसत नाही, प्रत्येक बायोडेटात मनमिळाऊ, प्रत्येक श्रद्धांजलीत मनमिळाऊ. टिकाऊ, लढाऊ, तसा मिळाऊ, म्हणजे मन मिळवून घेण्याची सवय असलेला. खरं तर त्यात बोलण्याचा काही संबंधच नाही. एखादा अबोल माणूस पण पक्का मनमिळाऊ असू शकतो, सगळ्यांशी जुळवून घेतो, कुणाला खटकत नाही. म्हणून "अबोल पण मनमिळाऊ" हे वाक्य बरोबर आहे, त्यात विरोध नाही, आणि अशा माणसाबद्दल ते लिहिलं तर त्या झिजलेल्या शब्दाला परत धार येते.

बोलका म्हणजे सहज बोलणारा, आणि डोळे बोलके असतात, चेहरा बोलका असतो, चित्र पण बोलकं असतं, त्यामुळे शब्दाला उजेड आहे. मनमोकळा माणूस मनातलं लपवत नाही, त्याच्याशी बोलताना आपणही मोकळे होतो. दिलखुलास त्याच्याच जवळचा, पण त्यात हसण्याचा मोठा आवाज आहे, दिलखुलास माणूस दाद देताना हात राखत नाही. गप्पिष्ट म्हणजे गप्पांत रमणारा, वेळ विसरणारा, गप्पिष्ट माणसाला ऐकायला पण आवडतं, हे महत्त्वाचं. लाघवी वेगळाच, त्याचं बोलणं इतकं गोड आणि जवळचं की पाच मिनिटांत तुम्ही त्याचे होता, लहान मुलांना हा शब्द फार शोभतो. आणि माणूसवेडा, माणूसघाण्याच्या नेमका समोरचा, ज्याला माणसाशिवाय करमतच नाही, मला स्वतःला यातला हा सगळ्यात आवडतो.

ज्याची पुष्कळ माणसं जोडलेली असतात त्याच्याबद्दल आपण म्हणतो लोकसंग्रह मोठा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला हा शब्द, तिथं अर्थ लोकांना धरून ठेवणं, त्यांचं भलं बघणं असा आहे, मराठीत तो ओळखीपाळखीकडे सरकला. पण जुन्या अर्थाची ऊब अजून आहे त्यात, म्हणून फोनमध्ये हजार नंबर आहेत एवढ्यावर लोकसंग्रह म्हणू नये, जो अडीअडचणीला त्या लोकांसाठी धावतो त्याचा लोकसंग्रह.

प्रत्येक चांगल्या शब्दाच्या एक पायरी पुढे त्याचा बिघडलेला भाऊ उभा असतो. बोलक्याच्या पुढे बडबड्या, त्याच्या पुढे वाचाळ. मनमोकळ्याच्या पुढे तो, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौकशी करणारा प्रेमळ माणूस एक पाऊल पुढे गेला की भोचक. लाघवी बोलण्यातला खरेपणा गेला की गोडबोल्या. पुढाकार घेणाऱ्याला जागेचं भान राहिलं नाही की आगाऊ. बोलघेवडा तो, जो बोलतो डोंगराएवढं आणि करत काही नाही. तोंडाळ माणसाचं बोलणं नुसतं जास्त नसतं, ते बोचतं. वाचाळ आणि वाग्मी यातला फरक तर पाणिनीच्या काळापासून चालत आलाय, दोन्ही शब्द वाच् म्हणजे वाणीवरूनच, पण चांगलं बोलणाऱ्याला वाग्मी आणि नुसतं खूप बोलणाऱ्याला वाचाल किंवा वाचाट यासाठी त्यानं वेगळे प्रत्यय सांगितलेत, आणि नंतरच्या व्याकरणकारांनी स्पष्ट जोडलं की दुसरे दोन निंदेचे आहेत. तो संस्कृतातला वाचाल मराठीत आला तो वाचाळ. तेव्हा "आमची मुलगी खूप वाचाळ आहे" असं कौतुकानं लिहिलेलं दिसतं ना, तिथं बोलकी हवं. किंवा बडबडी, लहान मुलीला बडबडी म्हणण्यात लाड आहेत, मोठ्या बाईला म्हटलं की तक्रार होते.

इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्टचं काय

हे शब्द आता बोलण्यात पक्के आलेत आणि मला त्यांचा राग नाही. कार्ल युंगनं १९२१ साली मांडलेल्या स्वभावप्रकारांमुळे ते जगभर गेले, आणि त्याचा मुद्दा कोण किती बोलतो हा नव्हता, मनाचा ओढा आतल्या जगाकडे आहे की बाहेरच्या, हा होता. आपण मात्र कुणी गप्प बसला की लगेच इंट्रोव्हर्ट. मराठीत अंतर्मुख आणि बहिर्मुख वापरतात ते ठीकच, पण एक अडचण लक्षात ठेवा, "त्या प्रसंगानं तो अंतर्मुख झाला" याचा अर्थ तो लोकांना टाळायला लागला असा होत नाही, तो स्वतःकडे वळून विचार करायला लागला असा होतो. म्हणून स्वभाव सांगायचा असेल तर "स्वभावानं अंतर्मुख" असं पूर्ण लिहा. आणि लाजाळू माणसाला इंट्रोव्हर्ट म्हणून सोडून देऊ नका, त्याला मदत हवी असते आणि त्या शब्दानं ती थांबते.

शब्द वाक्यात बसवताना

अर्धं काम क्रियापद करतं. "तो घुमा आहे" म्हणजे कायमचा शिक्का. "तो हल्ली घुमा झालाय" म्हणजे काहीतरी घडलंय, विचारायला हवं. "काल घुम्यासारखा बसला होता" म्हणजे फक्त कालचं. माणूस फार ओळखीचा नसेल तर "वाटतो" वापरा, "जरा तुसडा वाटतो" यात आपली चूक असायची जागा शिल्लक राहते. "तसा" हा छोटा शब्द पण जपून, "तशी ती बोलकी आहे" म्हटलं की ऐकणारा पुढच्या "पण" ची वाट बघतो, आणि तुम्ही तो बोलला नाहीत तरी त्याला ऐकू येतो.

विशेषणच न वापरता सांगता आलं तर बहुतेक वेळा जास्त चांगलं होतं. मिसळणाऱ्या माणसाला मनमिळाऊ म्हणण्यापेक्षा "त्यांच्याकडे माणसांचा राबता असतो", "तिची कुणाशीही गट्टी जमते", "शेजारीपाजारी त्यांची ऊठबस आहे", "बोलता बोलता माणसं जोडतो". न मिसळणाऱ्यासाठी "चारचौघांत अंग चोरून बसतो", "हातचं राखून बोलते", "सगळ्यांपासून फटकून असतो", "विचारल्याशिवाय चकार शब्द काढत नाही". यातला प्रत्येक प्रयोग डोळ्यांना काहीतरी दाखवतो आणि वाचणारा आपला शब्द आपणच ठरवतो.

व्याकरणाचं थोडंसं, कारण टाईप करताना इथे घसरायला होतं. शेवटी आ असलेले शब्द लिंगाप्रमाणे बदलतात, बुजरा बुजरी बुजरं, बोलका बोलकी बोलकं, आणि पुढे नाव आलं की बुजऱ्या मुलाला, एकलकोंड्या माणसाशी. मनमिळाऊ, लाजाळू, अबोल, भिडस्त, मितभाषी, दिलखुलास हे कुणाहीसाठी तसेच राहतात. गुण सांगायचा तर आ जाऊन एपणा, बुजरेपणा, तुसडेपणा, बाकीच्यांना सरळ पणा, भिडस्तपणा, लाजाळूपणा. शब्दाची छटा नक्की ठरत नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, १८५७ ची दुसरी आवृत्ती नेटवर शोधता येते, जुनी आहे पण शब्द कुठून आला आणि कशाला वापरायचे हे त्यात छान कळतं.

समोरासमोर बोलताना मात्र वेगळं. न बोलणाऱ्या माणसाला "तू किती शांत आहेस" असं चारचौघांत म्हटलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर वळतात आणि तो आणखी मिटतो. त्याऐवजी त्याला येईल असं काहीतरी छोटं विचारावं आणि उत्तर यायला वेळ द्यावा, मध्येच वाक्य आपण पूर्ण करू नये. बोलक्या माणसाला थांबवायचं असेल तरी बडबड्या म्हणू नये, "हे मला उद्या नीट ऐकायचंय" म्हटलं की तो आनंदानं थांबतो.

त्या मुलीच्या पुढच्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी शब्दच लिहिला नाही. लिहिलं, "आपणहून खेळात शिरायला वेळ लागतो, पण नाव घेऊन हाक मारली की लगेच येते, आणि दोरीच्या उड्या सगळ्यांत जास्त वेळ मारते." तिच्या आईनं खाली सही केली आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, "घरी पण असंच."